दारातली गाडी महिन्याला किती खाते?

आज आम्ही तिघीजणी स्टुडिओत आलोय, पण बोलणार आहोत ते आमच्या सगळ्या गटाच्या वतीनं. म्हणून आज 'मी' कुणीच म्हणणार नाही, 'आम्ही' म्हणणार. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा, कारण आज थोडा हिशेब आहे. नसेल तरी चालेल. आकडे आम्ही सावकाश सांगू.

विषय आहे आलिशान गाडीचा. हसू नका. बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज या कंपन्यांच्या ज्या छोट्या एसयूव्ही असतात, एक्स वन, क्यू थ्री, जीएलए वगैरे, त्यातली एक. नवी घ्यायची तर पंचेचाळीस-पन्नास लाखांच्या घरात जाते. तुम्ही म्हणाल, आपल्या बचत गटाचा आणि असल्या गाडीचा काय संबंध? आम्हालाही तसंच वाटत होतं. पण एक दिवस ती गाडी आमच्या बैठकीत आली, कर्जाच्या अर्जावर बसून.

आमचा गट दहाजणींचा. बारा वर्षं झाली. शेळ्या, शिलाई मशीन, दवाखाना, पोरांची फी, यासाठी कर्ज दिलं, आणि बँकेचा एकही हप्ता थकू दिला नाही. मागच्या दिवाळीनंतर आमच्यातल्या अक्कांनी अर्ज दिला तीन लाखांचा. कारण लिहिलं होतं, 'मुलासाठी चारचाकी'. विचारलं तेव्हा कळलं, की नऊ वर्षं जुनी, डिझेलवरची, ऑटोमॅटिक गिअरची आलिशान गाडी आठ लाखांत मिळतेय. पाच लाख घरात होते. उसाचं बिल, थोडं सोनं, मुलाची शिल्लक. तीन कमी पडत होते.

मुलगा तिशी ओलांडलेला. शेती आहे, गोठा आहे, कष्टाळू आहे. पण लग्न जमत नव्हतं. हे दुखणं आता कुठल्या गावात नाही? त्याचं म्हणणं साधं होतं. दारात अशी गाडी उभी असली की पाहुणे निदान घरात तरी येतील.

अक्का बोलता बोलता रडल्या. आमच्यापैकी पाच-सहाजणी तर लगेच सही करायला तयार झाल्या. पण आमच्या हिशेबनीस वहिनींनी विचारलं, "अक्का, गाडी आठ लाखाला मिळाली हे खरं. पण ती महिन्याला खाते किती?"

म्हैस घेताना आपण नुसती किंमत बघतो का? दूध किती, पेंड किती, वैरण किती, हे आधी विचारतो. गाडीचं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर एकच प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" तेव्हा ठरलं, पुढच्या बैठकीपर्यंत हिशेब मांडायचा आणि मग सही. अक्कांनाही ते पटलं.

सुरुवात ॲव्हरेजपासूनच केली. विकणारा एजंट म्हणाला होता, लिटरला वीस. तो अगदीच खोटं बोलत होता असं नाही. या वर्गातल्या काही डिझेल गाड्यांचा कागदावरचा आकडा विसाच्या आसपास असतो. पण तो आकडा येतो कुठून? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ पासूनची. अशा संस्थांमध्ये गाडीची चाचणी होते. गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाकं रोलरवर फिरवतात. वेग ठरलेला, ताशी ९० च्या पुढे न्यायचा नाही. एसी बंद. सगळी चाचणी साधारण वीस मिनिटांची. सगळ्या गाड्यांना एकच माप लागावं म्हणून ते बरोबरच आहे. पण त्या रोलरवर आपला घाट नसतो, खड्डे नसतात, उसाच्या ट्रॉलीमागं रखडणं नसतं, आणि मे महिन्यातला एसी तर नसतोच.

आमच्यातल्या एकीचा भाऊ पुण्यात अशाच गाडीवर ड्रायव्हर आहे. तो डायरी ठेवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, शहरात अकरा-बारा, हायवेला पंधरा-सोळा. गावाकडच्या रस्त्याला तेरा धर." ॲव्हरेज कसं काढायचं तेही त्यानं सांगितलं, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाकी फुल्ल करायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. चारपाचशे किलोमीटर फिरलं की पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल्ल करायची. जेवढे किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनं भागायचं. समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा.

आता हिशेब. महिन्याला १,००० किलोमीटर धरले. लिटरला तेरा म्हणजे साधारण ७७ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं, तर महिन्याला ६,९०० रुपये. एजंटच्या विसाच्या हिशेबानं ते ४,५०० व्हायला हवे होते. म्हणजे कागद आणि रस्ता यात महिन्याला २,४०० चा फरक.

मग तेवढंच फिरायला छोट्या पेट्रोल गाडीला किती लागेल ते काढलं. लिटरला अठरा, पेट्रोल १०४ रुपये. आले ५,८०० रुपये. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. म्हणजे आलिशान गाडी आणि साधी गाडी, इंधनात फरक फक्त अकराशे रुपयांचा! अक्कांचा चेहरा खुलला. "बघा, मी म्हणत होते ना, डिझेल परवडतं."

मैत्रिणींनो, फसगत होते ती इथंच. इंधन डोळ्याला दिसतं, दर आठवड्याला खिशातून जातं, म्हणून आपण तेवढंच मोजतो. बाकीचा खर्च वर्षातून एकदा येतो, नाहीतर अचानक येतो. पण येतो.

पहिली सर्व्हिसिंग. या गाडीला हात लावणारा मेकॅनिक तालुक्यात नाही. पुण्याला न्यायची, म्हणजे एक दिवस जाणार. ऑइल ठरावीक दर्जाचंच लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि महाग. ड्रायव्हर भावाच्या डायरीवरून वर्षाला ३५,००० धरले. महिन्याला पडले २,९००.

दुसरे टायर. मोठे, रुंद, पण कडा बारीक. म्हणजे रिंग आणि रस्ता यांच्यात रबर कमी, आणि खड्ड्यात आपटलं की टायर फुटतो किंवा रिंग वाकते. यातल्या काही गाड्यांना पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे खास टायर असतात आणि स्टेपनी नसतेच. चांगले चार टायर ८०,००० धरले. चाळीस हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला दोन रुपये. महिन्याला २,०००.

तिसरा विमा. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ पासूनच्या दरानं १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, हजार ते पंधराशे सीसीच्या छोट्या गाडीला ३,४१६. त्यावर जीएसटी वेगळा. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपल्या गाडीचं नुकसान भरून हवं तर वेगळे पैसे. सगळं मिळून वर्षाला ३०,००० धरले, महिन्याला २,५००. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर आणि बॅटरी यांची भरपाई अर्धीच मिळते. पुढचा बंपर, दिव्याची काच या गोष्टी आता प्लास्टिकच्याच असतात. पूर्ण भरपाईची पॉलिसी इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत.

चौथी दुरुस्ती. नऊ वर्षांची गाडी आहे. ब्रेक, बॅटरी, सस्पेन्शन, एसी, काहीतरी निघणारच. यासाठी महिन्याला ५,००० बाजूला ठेवायचे असं धरलं. एखादं वर्ष काहीच निघणार नाही, आणि एखाद्या वर्षी गिअरबॉक्स निघाला तर दोन-तीन वर्षांची शिल्लक एका फटक्यात जाईल. गाडी आठ लाखांना मिळाली म्हणून तिचे भाग आठ लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' म्हणतात, ते हेच.

आता बेरीज ऐका.

डिझेल – ६,९००
सर्व्हिसिंग – २,९००
टायर – २,०००
विमा – २,५००
दुरुस्तीची शिल्लक – ५,०००
एकूण – १९,३००

छोट्या गाडीचा असाच हिशेब मांडला. पेट्रोल ५,८००, सर्व्हिसिंग ८००, टायर ४५०, विमा १,०००, दुरुस्ती १,०००. एकूण ९,०५०. दोन्हींत फरक सव्वादहा हजारांचा, आणि त्यात इंधनाचे फक्त अकराशे. उरलेले नऊ हजार कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आणि कर्जाचा हप्ता राहिलाच. तीन लाख, शेकडा एक व्याज, तीन वर्षं. हप्ता साधारण १०,०००. म्हणजे गाडी महिन्याला २९,३०० खाणार. अक्कांच्या गोठ्यातून डेअरीला जातं दिवसाला तीस लिटर. बत्तीस रुपये दरानं महिन्याचं बिल होतं २८,८००. त्यातून पेंड, वैरण, डॉक्टर अजून वजा करायचे आहेत. वहिनींनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. अक्का बराच वेळ त्या वहीकडं बघत राहिल्या.

कुणीतरी म्हणालं, मग कमी फिरवायची. लग्नाला, देवाला, पाहुण्यांना तेवढीच. तेही मांडून बघितलं. महिन्याला ३०० किलोमीटर धरले. डिझेल आणि टायर मिळून २,७०० वर आले. पण विमा उभ्या गाडीचाही भरावा लागतो. सर्व्हिसिंग वर्ष झालं की करावीच लागते. एकूण १३,१०० झाले, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ४४ रुपये! भाड्याची जीप दारात बोलावली तरी त्याच्या निम्म्यात येते. शिवाय अशा बऱ्याच डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी जाळी असते. इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग धावलं, तरच ती काजळी जळते. रोज तीन किलोमीटर बाजाराला नेऊन आणली तर जाळी तुंबते, आणि ती साफ करायचा किंवा बदलायचा खर्च मोठा असतो.

मग मुलानं सुचवलं, लग्नसराईत भाड्यानं देऊ. ते तर अजिबात करू नका. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. त्यासाठी परमिट आणि पिवळी प्लेट लागते. भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

आता प्रश्न असा, की इतकी भारी गाडी एवढी स्वस्त का? तेही शोधलं. गाडी होती दिल्ली पासिंगची. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढं त्यावर आणखी आदेश आले, पण त्या धास्तीनं तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडत राहिल्या. त्या आपल्याकडं येतात. इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडची एनओसी आणून एमएच नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो टॅक्स आपण मोजलेल्या आठ लाखांवर ठरत नाही. गाडीची मूळ किंमत आणि वय बघून ठरतो. आम्हाला जो अंदाज मिळाला तो लाखाच्या पुढचा होता. एजंट त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. म्हणून बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर आधी आरटीओत जा, आकडा विचारून घ्या, मगच इसार द्या. गाडीवर कर्ज आहे का आणि चलनं थकली आहेत का, तेही परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघता येतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. कर्ज कुणाच्या नावावर? अक्कांच्या. आरसी बुक कुणाच्या नावावर? मुलाच्या. म्हणजे हप्ता चुकला तर बँक येणार गटाकडं आणि अक्कांकडं, आणि गाडी विकायची की ठेवायची हे मात्र अक्का ठरवू शकणार नाहीत. मुलगा कितीही गुणाचा असू दे. ज्या वस्तूवर आपलं नाव नाही, तिच्यासाठी आपल्या नावावर कर्ज का? हा प्रश्न बायकांनी विचारायला हवा, मग गाडी असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर घर असो.

पुढच्या बैठकीला अक्कांनी मुलालाच आणलं. आम्ही वही त्याच्यापुढं ठेवली. तो हुशार आहे. त्यानं दोन ठिकाणी आमचा हिशेब दुरुस्तही केला. मग वही मिटून म्हणाला, "काकू, हिशेब बरोबर आहे. पण मुलगी द्यायच्या वेळी तुम्हीच विचारता ना, दारात चारचाकी कुठली आहे?"

आमच्यात शांतता पसरली. कारण आमच्यापैकीच एकीनं मागच्या वर्षी एका चांगल्या मुलाला नकार कळवला होता. घरी फक्त जुनी मोटरसायकल होती म्हणून. तिनं ते सगळ्यांसमोर कबूल केलं. आम्ही बाकीच्याही काही वेगळ्या नव्हतो. पाहुणे म्हणून गेलो की आपलीही नजर आधी अंगणातच जाते.

गटानं त्या गाडीला कर्ज दिलं नाही. अक्कांनी स्वतःच अर्ज मागं घेतला. त्यांना ते सोपं गेलं नाही. महिनाभर त्या आमच्याशी मोजकंच बोलत होत्या. पुढं मुलानं तालुक्यातून एमएच पासिंगची एक छोटी गाडी बघितली. त्यासाठी अक्कांनी दीड लाख मागितले, ते आम्ही दिले. अट एकच, आरसीवर नाव अक्कांचं. हप्ते वेळेवर येतायत. अक्कांना गुडघ्यासाठी दवाखान्यात न्यायला आता गाडी थांबवावी लागत नाही. लग्न अजून जमलेलं नाही. जमलं की इथंच येऊन सांगू.

आलिशान गाडी वाईट असते असं आमचं म्हणणं नाही. ती दणकट असते, आरामाची असते, लांबच्या प्रवासात थकवा येत नाही. ज्याची कमाई तेवढी आहे, त्यानं जरूर घ्यावी. आमचं म्हणणं एवढंच, की गाडीची किंमत एकदाच द्यायची असते आणि तिचं खाणं रोजचं असतं.

दारात कुठलीही गाडी असो, तिचं खाणं थोडं कमी करता येतं. टायरची हवा पंधरा दिवसांनी बघायची. ताशी ८० ऐवजी १०० नं पळवली तर वाऱ्याचा अडथळा दीडपट होतो, आणि तो जोर डिझेलमधूनच येतो. लग्नाच्या मांडवाबाहेर एसी लावून तासभर गाडी चालू ठेवली तर जागच्या जागी अर्धा ते एक लिटर जातं. पोरांना हे सांगा.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात गाडीसाठी अर्ज आला तर पाच आकडे मागा. इंधन, सर्व्हिसिंग, टायर, विमा, दुरुस्ती. त्यात हप्ता मिळवा. ती बेरीज घरच्या कमाईशेजारी लिहा, आणि आरसीवर नाव कुणाचं ते विचारा. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा, तो तुमचा अधिकार.

आणि मुलीसाठी स्थळ बघायला गेलात, अंगणात चकचकीत गाडी दिसली, तर चहा घेता घेता हळूच विचारा, "गाडी छान आहे हो. महिन्याला किती खाते?" उत्तर पटकन आलं, आकड्यात आलं, तर समजा घर हिशेबाचं आहे. उत्तर आलंच नाही, तर तो हप्ता उद्या कुणाच्या दुधाच्या बिलातून जाणार आहे, याचा विचार करा.

तुमच्या गटाचा असा काही हिशेब असेल तर कळवा, तोही इथं मांडू.